उत्तर स्पेन: बस कुठे धरायची, रेल्वे कुठे

युरोप म्हणजे रेल्वेने फिरायचं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर हा हिशोब उलटतो. बिल्बाओ ते सांतांदेर अंतर रस्त्याने जेमतेम १०० किलोमीटर. बस सव्वा ते दीड तासात पोचवते, किनाऱ्याच्या रेल्वेला तीन तास लागतात. सांतांदेर ते ओविएदो बसने थेट गाडी मिळाली तर सव्वादोन-अडीच तास, रेल्वेने पाच. ओविएदोपासून वायव्य टोकाच्या गलिसिया प्रांतातल्या फेरोलपर्यंत रेल्वेने साडेसहा-सात तास, आणि अशा गाड्या दिवसाला जेमतेम दोन. रेल्वेचा पास काढून निघालेला माणूस इथे तिसऱ्या दिवशी वैतागतो, तो यामुळे.

म्हणून आखणीचा क्रम असा ठेवा: एका शहरातून दुसऱ्या शहरात सामानासकट जायचं ते बसने. रेल्वे ठेवायची पाठीवर छोटी पिशवी घेऊन दिवसभर भटकायला, आणि जिथे रूळ समुद्राला किंवा डोंगराला खेटून जातात अशा निवडक टप्प्यांना.

असं का, ते नकाशा पाहिला की कळतं. इथली रेल्वे फणीसारखी आहे. माद्रिदच्या पठारावरून कांताब्रिया पर्वतरांग ओलांडून एकेका बंदराला उतरणारे रुंद रूळ हे फणीचे दात. हे रूळ १६६८ मिलिमीटरचे, म्हणजे आपल्या ब्रॉडगेजपेक्षा ८ मिलिमीटरने कमी. एका दातावरून शेजारच्या दातावर जायला, म्हणजे किनाऱ्याने पूर्व-पश्चिम जायला, रुंद रूळ नाहीतच. तिथे आहे १००० मिलिमीटरचं मीटरगेज. वेगवेगळ्या कंपन्यांनी तुकड्यातुकड्यांनी घातलेलं, वळणावळणाचं, बहुतेक ठिकाणी एकेरी. बोगदे त्या काळच्या मापाचे. या मापांचा घोळ २०२३ साली चव्हाट्यावर आला: मागवलेल्या ३१ नव्या गाड्यांचा आराखडा जुन्या बोगद्यांत बसत नव्हता. गाड्या बांधायच्या आधी चूक सापडली हे नशीब, पण दोन बड्या अधिकाऱ्यांना पद सोडावं लागलं आणि नवे डबे काही वर्षं लांबले. जुन्या डब्यांत बसावं लागलं तर त्याचं कारण हे.

तीन रेल्वे, तीन तिकिटं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. किनाऱ्यावर तीन वेगळ्या रेल्वे आहेत आणि त्या एकमेकींसाठी थांबत नाहीत.

पहिली रेन्फेची, म्हणजे स्पेनच्या सरकारी रेल्वेची, लांब पल्ल्याची: आवे, आल्विया वगैरे. आसनासकट आरक्षण सक्तीचं, भाव विमानासारखे वरखाली होणारे. माद्रिदहून येण्याजाण्यासाठी हीच.

दुसरी रेन्फेचीच, पण मीटरगेज: बिल्बाओ–सांतांदेर–ओविएदो–फेरोल. लोक तिला अजूनही ‘फेवे’ म्हणतात. ती कंपनी २०१२च्या अखेरीला बरखास्त होऊन रेन्फेत गेली, नाव मात्र तोंडी राहिलं. आरक्षण नाही, आसनक्रमांक नाही, भाव ठरलेला. रेन्फेच्या नेहमीच्या तिकीट-शोधात या गाड्या बऱ्याचदा दिसत नाहीत, म्हणून ‘गाडीच नाही’ असा समज होतो. वेळापत्रक ‘सेर्कानियास’ (लोकल) आणि ‘आन्चो मेत्रिको’ (मीटरगेज) या विभागांत शोधायचं. तिकीट स्टेशनवर, किंवा खिडकी-यंत्र काहीच नसेल तर गाडीतल्या तपासनिसाकडे.

तिसरी बिल्बाओ आणि सान सेबास्तियान ज्या बास्क प्रांतात आहेत त्याच्या सरकारची एउस्कोत्रेन, तीही मीटरगेज: सान सेबास्तियान–बिल्बाओ, बिल्बाओ–गेर्निका–बेर्मेओ, आणि सान सेबास्तियानहून फ्रान्सच्या हद्दीतल्या आंदायपर्यंत. रेन्फेचं तिकीट इथे चालत नाही. बास्क भागात तीन-चार दिवस राहणार असाल तर बिल्बाओत ‘बारिक’ किंवा सान सेबास्तियानमध्ये ‘मुगी’ हे पैसे भरून वापरायचं कार्ड घ्या. मेट्रो, बस, एउस्कोत्रेन सगळीकडे चालतं आणि सुट्या तिकिटापेक्षा भाडं बरंच कमी पडतं. आत जाताना आणि बाहेर येताना, दोन्ही वेळा टेकवायचं. बाहेर पडताना विसरलात तर जास्तीचं भाडं कापलं जाऊ शकतं.

स्टेशनंही वेगवेगळी. बिल्बाओत चार ठिकाणं लक्षात ठेवा: आबांदो म्हणजे रेन्फेची लांब पल्ल्याची गाडी, तिला जवळजवळ चिकटून, नदीकडे तोंड केलेलं नक्षीदार कोंकोर्दिया म्हणजे सांतांदेरची मीटरगेज, जुन्या गावाखालचं सास्पिकालेआक म्हणजे एउस्कोत्रेन, आणि शहराच्या पश्चिमेला सान मामेस मैदानाजवळ जमिनीखाली बसस्थानक. बसस्थानकापासून आबांदोपर्यंत मेट्रोने काही मिनिटं लागतात, पण हे चारही एकच समजून तासाभराचा जोड धरलात तर फजिती होते. सान सेबास्तियानमध्ये बसस्थानक रेन्फे स्टेशनच्या शेजारी जमिनीखाली. एउस्कोत्रेनचं आमारा स्टेशन नदीच्या दुसऱ्या बाजूला, पायी पंधरा मिनिटं. सांतांदेर सगळ्यात सोयीचं: दोन्ही रेल्वे आणि बसस्थानक एकाच चौकाभोवती. ओविएदोत रुंद आणि मीटरगेज एकाच इमारतीत, बसस्थानक चालत पाच-सात मिनिटांवर.

पूर्वेकडून पश्चिमेकडे

दिशा पूर्व-पश्चिम ठेवा आणि परतीचं विमान दुसऱ्या टोकावरून घ्या. बिल्बाओला उतरायचं आणि गलिसियातल्या सांतियागो किंवा माद्रिदहून निघायचं, म्हणजे तोच रस्ता दोनदा होत नाही. पश्चिमेकडे जाताना समुद्र उजवीकडे असतो. गाडीत चढताना उजवी खिडकी धरा.

बारा-तेरा रात्री असतील तर अशी वाटणी जमते: सान सेबास्तियान २, बिल्बाओ ३, सांतांदेर २, यानेस किंवा कांगास दे ओनीस २, ओविएदो १ किंवा २, सांतियागो २. आठ रात्रीच असतील तर गलिसिया सरळ सोडा. ओविएदोच्या पश्चिमेला अंतर वाढतं, गाड्या कमी होतात, आणि सांतियागोला जायचा एक दिवस पूर्ण प्रवासातच जातो.

बिल्बाओ विमानतळावरून शहरात येणाऱ्या बसचा क्रमांक ए३२४७. सान सेबास्तियानला थेट बस विमानतळावरूनच सुटते, सव्वा तास. त्यासाठी आधी शहरात येऊ नका. माद्रिदला उतरत असाल तर उत्तरेच्या गाड्या चामार्तीन स्टेशनवरून सुटतात, आतोचावरून नव्हे. विमानतळाच्या चौथ्या टर्मिनलवरून लोकलने तिथे पंधरा मिनिटांच्या आत पोचता येतं. पहिल्या टर्मिनलवर उतरलात तर चौथ्यापर्यंत फुकट बस आहे, पण तिचा वेळ धरा. लांब पल्ल्याचं तिकीट असेल तर लोकलचं तिकीट वेगळं काढावं लागत नाही: तिकिटावरचा ‘कोंबिनादो सेर्कानियास’ हा संकेतांक स्टेशनवरच्या यंत्रात टाकला की लोकलचा पास छापून मिळतो. चौथ्या टर्मिनलवरून बिल्बाओ आणि सान सेबास्तियानला जाणाऱ्या आल्सा या बसकंपनीच्या बसही सुटतात. रात्रभराच्या विमानानंतर तोच मार्ग कमी त्रासाचा.

सान सेबास्तियान–बिल्बाओ हा टप्पा सामानासकट बसनेच करा, सव्वा तास. एउस्कोत्रेनला अडीच तास लागतात. पण त्याच एउस्कोत्रेनवरचं सुमाया सोडू नका. सान सेबास्तियानहून सकाळी सुमायाला जा, वहीच्या पानांसारखे उभे थर असलेले समुद्रकडे पाहा, दम असेल तर कड्यावरून देबापर्यंत सुमारे १४ किलोमीटर चाला आणि देबाहून गाडीने परत या. देबाचं स्टेशन समुद्राच्या अगदी जवळ आहे. पाऊस पडून गेला असेल तर ही वाट चिखलाने घसरडी होते; नुसत्या चपला-सँडलवर जाऊ नका. बिल्बाओहून अशीच एक सहल गेर्निका आणि बेर्मेओची. गाड्या साधारण अर्ध्या तासाला. २६ एप्रिल १९३७ रोजी बॉम्बफेकीत बेचिराख झालेलं गेर्निका अर्ध्या दिवसात पाहून होतं. पुढे बेर्मेओकडे रूळ खाडीच्या कडेने जातात, तो भाग भरतीच्या वेळी जास्त देखणा.

बिल्बाओ–सांतांदेर रेल्वेने करायचा मोह झाला तर हलकं सामान आणि मोकळा दिवस हवा. गाड्या दिवसाला तीनच्या आसपास, आणि हा मार्ग समुद्रापेक्षा हिरव्या दऱ्यांतून जास्त जातो. एकदा करायला छान. घाईत करायला नाही.

सांतांदेरहून आल्तामिराची आदिमानवाच्या चित्रांची गुहा पाहायची असेल तर रेल्वे उपयोगाची नाही, तिच्याजवळच्या सांतियाना देल मार गावाला स्टेशनच नाही. सांतांदेर किंवा तोरेलावेगाहून बस, आणि सांतियानाहून संग्रहालयापर्यंत दोन किलोमीटर चढ पायी. १८७९ साली जिथे चित्रं सापडली ती मूळ गुहा सर्वांसाठी खुली नाही; दिसते ती शेजारी उभारलेली हुबेहूब प्रतिकृती. सोमवारी बंद. शनिवारी दुपारी दोननंतर आणि रविवारी प्रवेश मोफत, म्हणून गर्दीही तेव्हाच.

मीटरगेजचा खरा मोबदला मिळतो तो अस्तुरियास या ओविएदोच्या प्रांताच्या पूर्व भागात: सांतांदेरहून यानेस आणि तिथून रिबादेसेया, आरिओंदास. डावीकडे पिकोस दे एउरोपाचे चुनखडीचे सुळके, उजवीकडे मधूनच समुद्र. यानेसला उतरून दोन रात्री राहिलात तर पाच तासांच्या प्रवासाचे दोन सुसह्य तुकडे होतात. रिबादेसेयात तितो बुस्तियो ही गुहा मूळ रूपात पाहता येते, पण ऋतूपुरतीच, मर्यादित माणसांना आणि आधी आरक्षण करून. ते मिळालं तरच बाकीची आखणी तिच्याभोवती बसवा. ऑगस्टच्या सुरुवातीच्या शनिवारी सेया नदीतली आरिओंदास ते रिबादेसेया होडीशर्यत असते. त्या दिवशी खोली मिळणं विसरा.

पिकोसमधली कोवादोंगाची तळी पाहायला कांगास दे ओनीसला राहा. तिथे रेल्वे नाही. आरिओंदास स्टेशन सात किलोमीटरवर, पुढे बस. ओविएदोहून थेट बस दीड तासाच्या आसपास. उन्हाळ्यात आणि गर्दीच्या सुट्ट्यांत तळ्यांचा रस्ता खासगी गाड्यांना बंद असतो आणि कांगासहून बस वर नेते, म्हणजे इथे गाडी नसलेल्याचाच फायदा. सकाळची पहिली-दुसरी बस धरा. खाली लख्ख ऊन असताना वर धुकं असू शकतं, इतकं की तळं दहा पावलांवरून दिसत नाही. त्यामुळे कांगासला दोन रात्री ठेवल्या तर एक दिवस हातचा राहतो. उतरायची शेवटची बस किती वाजता, ते चढतानाच चालकाला विचारा.

सांतांदेरच्या बाजूने पिकोसमध्ये शिरायचं तर पोतेसची बस, आणि पुढे फुएन्ते देचा रोपवे: चार मिनिटांत ७५३ मीटर चढ, वरचं स्थानक १८२३ मीटरवर. पोतेसच्या पुढची बस कमी आहे. सकाळी जाऊन संध्याकाळी सांतांदेरला परतणं वेळापत्रकात बसत नसेल तर ओढूनताणून बसवू नका.

ओविएदोच्या पश्चिमेला कुदियेरो, लुआर्का, रिबादेओ. स्टेशनं गावाच्या वर, डोंगरात. कुदियेरोच्या बंदरापर्यंत बरंच उतरावं लागतं आणि परत तेवढंच चढावं लागतं. रिबादेओजवळच्या कातेद्रालेस किनाऱ्याला ओहोटीलाच अर्थ आहे, आणि ईस्टरला तसंच जुलै ते सप्टेंबरात आधी मोफत परवाना काढावा लागतो. ओहोटीची वेळ आणि गाडीची वेळ जुळेलच असं नाही, हे आधी पाहा. सांतियागोला जायचं तर बस ठीक. आ कोरुन्याला उतरलात तर तिथून सांतियागो रुंद रुळावर अर्ध्या तासाचं.

वेळापत्रक वाचताना

वारांची अक्षरं रोमन लिपीत एल, एम, एक्स, जे, व्ही, एस, डी अशी छापतात. एक्स म्हणजे बुधवार; मंगळवार आणि बुधवार दोन्ही एमने सुरू होतात म्हणून ही युक्ती. ‘लाबोराब्लेस’ म्हणजे कामाचे दिवस, त्यात शनिवार कधी धरतात कधी नाही. ‘फेस्तिवोस’ म्हणजे रविवार आणि सुट्ट्या. आणि सुट्ट्या प्रांतागणिक वेगळ्या: २५ जुलैला गलिसियात सुट्टी, ८ सप्टेंबरला अस्तुरियासमध्ये. अशा दिवशी गावाची बस रविवारच्या वेळापत्रकाने धावते, म्हणजे एखादी फेरी किंवा तीही नाही.

बास्क भागात पाट्यांवर नावं बदलतात. बसवर ‘दोनोस्तिया’ लिहिलं असेल तर ती सान सेबास्तियानचीच, ‘बिल्बो’ म्हणजे बिल्बाओ, ‘गास्तेइस’ म्हणजे व्हितोरिया, ‘इरुन्या’ म्हणजे पाम्प्लोना. अस्तुरियासमध्ये हिहोनचं ‘शिशोन’ होतं. बसस्थानकात ‘दार्सेना’ म्हणजे बस लागते ती जागा. तिचा क्रमांक फलकावर सुटण्याआधी थोडाच वेळ येतो.

मीटरगेजवरचे छोटे थांबे ‘फाकुल्तातिवा’, म्हणजे मागितल्यास. फलाटावर उभं राहून आपल्या एसटीला करतो तसा स्पष्ट हात करायचा, बाकावर बसून राहिलात तर गाडी निघून जाते. उतरायचं असेल तर आधीच बटण दाबा किंवा तपासनिसाला सांगा.

तिकिटं कधी काढायची

माद्रिदची रेल्वे आधी, विक्री सुरू होताच. माद्रिद–ओविएदो मार्ग नोव्हेंबर २०२३ मध्ये पाहारेसचा जवळपास २५ किलोमीटरचा बोगदा सुरू झाल्यावर सव्वातीन तासांच्या आसपास आला. सांतियागो–माद्रिदही तीन-साडेतीन तास. बिल्बाओला मात्र आल्विया पाच तास घेते, आणि बसही तेवढाच.

शहरांमधल्या आल्सा बसचं तिकीट एरवी दोन-तीन दिवस आधी पुरे. शुक्रवार संध्याकाळ, रविवार संध्याकाळ आणि पूर्ण ऑगस्ट याला अपवाद. मीटरगेज आणि एउस्कोत्रेनचं तिकीट त्याच दिवशी.

भारतीय कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून सुरू करावा लागतो, आणि तो केल्यावरही रेन्फेच्या साइटवर पैसे अडकू शकतात. दुसरं कार्ड तयार ठेवा, नाहीतर तिकीट विकणाऱ्या एखाद्या परदेशी ॲपवरून काढा. थोडं शुल्क जातं, पण तिकीट तेच. तिकिटावरचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक पासपोर्टप्रमाणेच लिहा.

युरोपचा पास या किनाऱ्यासाठी घेऊ नका. लांब पल्ल्याच्या गाड्यांना पासवरही वेगळं आरक्षण लागतं, आणि तुमचा निम्मा प्रवास बसने होणार आहे.

व्हिसासाठी प्रवासाचा तक्ता लागतो. त्यात शहरांमधल्या प्रवासासमोर ‘बस’ लिहायला संकोच नको. राहण्याच्या तारखा सलग हव्यात, एक रात्रही मोकळी नको. रद्द करता येणाऱ्या खोल्या घ्या, बसची तिकिटं आत्ताच काढायची गरज नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान १५ दिवस आधी हवा. प्रौढांचं शुल्क ९० युरो आणि त्यावर व्हिसा-अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. विमा किमान ३०,००० युरोंचा. बिल्बाओत उतरून फ्रान्सही फिरणार असाल तर जास्त रात्री ज्या देशात, त्या देशाकडे अर्ज.

बिघडतं कुठे

मोठ्या स्टेशनांत लांब पल्ल्याच्या गाडीसाठी सामान यंत्रातून जातं आणि सुटण्याच्या दोन मिनिटं आधी प्रवेश बंद होतो. धावत चढता येत नाही. अर्धा तास आधी पोचा, चामार्तीनला त्याहून आधी.

मीटरगेजवर गाडी रद्द होणं नवीन नाही: चालक नाही, दरड आली, डबा बिघडला. मग स्टेशनबाहेर बदली बस उभी राहते. फलाटावर तुम्ही एकटेच उरलात तर आधी रस्त्याकडे बघा. ज्या दिवशी पुढे विमान किंवा आरक्षित गाडी आहे, त्या दिवशी मीटरगेजवर विसंबू नका. संपाला ‘उएल्गा’ म्हणतात. तेव्हाही कायद्याने ठरवलेल्या किमान गाड्या धावतात, त्यांची यादी आधी प्रसिद्ध होते.

सामान एका माणसाला जिने चढून उचलता येईल एवढंच. आकडा सांगायचा तर १५ किलो. मीटरगेज डब्यात मोठ्या बॅगेला जागा नसते. बिल्बाओ आणि सान सेबास्तियानच्या बसस्थानकांत सामान ठेवायचे लॉकर आहेत. छोट्या गावांत ते गृहीत धरू नका.

पाऊस जुलैतही येतो. छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट बरं, कारण किनाऱ्यावर वारा असतो. जून आणि सप्टेंबर सगळ्यात हिशोबी. ऑगस्टच्या मध्यावर सान सेबास्तियान आणि पाठोपाठ बिल्बाओचा जत्रेचा आठवडा येतो, खोल्या दुपटीने महागतात.

जेवण दुपारी दीड ते साडेतीन, रात्री साडेआठनंतर. मधल्या वेळात स्वयंपाकघर बंद, म्हणून बसची वेळ ठरवताना हे बघा: दोन ते चार प्रवासात गेले तर बिस्किटांवर दिवस काढावा लागतो. शाकाहाऱ्यांनी ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, मासा आणि हॅम त्यात धरत नाहीत. ‘नी कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन’ असं तिन्ही म्हणा. अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया कुठल्याही स्टेशनच्या कॅफेत मिळते. गलिसियात पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या. अस्तुरियासची फाबादा नावाने घेवड्याची उसळ वाटते, पण तिच्यात डुकराचे तीन-चार प्रकार असतात. रविवारी किराणा बंद, शनिवारी संध्याकाळीच फळं-ब्रेड घेऊन ठेवा.

परतीचं विमान माद्रिदहून असेल तर शेवटची रात्र माद्रिदला काढा. सांतियागो किंवा ओविएदोहून सकाळची गाडी धरून दुपारचं विमान गाठणं कागदावर जमतं, पण दोन्ही तिकिटं वेगळी असल्याने गाडीला उशीर झाला तर विमान कंपनी काही करत नाही.